काकूंच्या मांडीवरचा आरसा

मित्रांनो, मी एक जुनी, फुटलेली एअरबॅग आहे. गॅरेजच्या मागे एका चेपलेल्या गाडीच्या डॅशबोर्डातून लोंबते आहे. माझ्या कापडावरचं रक्त आता वाळलंय. मुलं मला उशी म्हणतात, त्याचा मला भारी राग येतो. उशी कधी कुणाच्या थोबाडीत मारते का?

कारखान्यात मला जाड कापडातून शिवलं, घडी घातली आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोर झाकणाखाली कोंबलं. गाडी जोरात आदळली की सेन्सरला कळतं, माझ्या डबीत गॅस तयार होतो आणि पापणी लवायच्या आत मी झाकण फाडून बाहेर येते. तोवर सीटचा पट्टा माणसाला मागे आवळून धरतो. मग त्याचं डोकं माझ्यात रुततं आणि माझ्या भोकांतून हवा निघून जाते. पट्टाच नसेल तर माणूस आधीच माझ्या तोंडाशी आलेला असतो, आणि मी त्याला हातोड्यासारखी बसते.

आमचे मालक आरशांच्या चौकटी बनवायचे. त्यांना सगळे काका म्हणत आणि त्यांच्या बायकोला काकू. चौकटीवर सोनेरी वर्ख लावावा तो काकूंनीच. केसाएवढी फट त्यांच्या नजरेतून सुटायची नाही. त्या डोळ्यांवरच दुकान चालायचं. गिऱ्हाईकाकडे आरसा पोचवताना काकू तो मांडीवर उभा धरून पुढे बसत. पट्ट्याने वर्ख घासतो म्हणून पट्टा पाठीमागून अडकवत, म्हणजे 'पट्टा लावा' अशी गाडीची पिरपिरही बंद.

"अगं, मागच्या सीटवर आडवा ठेव की," काका म्हणायचे.

"तुम्ही समोर बघा. आजवर माझ्या हातून एकाला तरी तडा गेलाय का?"

खरंच गेला नव्हता. मी आतल्या आत नुसती चरफडायचे.

त्या दुपारी वळणावर एक टेम्पो सरळ अंगावर आला. काकांनी ब्रेक दाबला, पत्रा किंचाळला आणि मी सुटले. मधे आरसा होता. मी तो काकूंच्या तोंडावर फोडला. चौकटीने त्यांचं मनगट मोडलं, काचा गालात घुसल्या आणि एक उजव्या डोळ्यात गेली. स्टिअरिंगमधली माझी बहीणही त्याच क्षणी फुटली होती. काकांनी पट्टा लावला होता; ते छाती चोळत आपल्या पायांनी उतरले. मग धावत काकूंच्या बाजूला आले.

काही आठवड्यांनी दोघं गाडीतलं सामान न्यायला आली. काकूंच्या डोळ्यावर पट्टी होती. काकांनी मला मुठीत धरून हिसडलं. "हिनेच डोळा घेतला तुझा."

"हिला कशाला बोल लावता?" काकू म्हणाल्या. मग त्यांनी गॅरेजच्या मिस्त्रींना विचारलं, "पट्टा लावला असता, मांडीवर काही नसतं, तर?"

मिस्त्री हात पुसत काकांकडे बघू लागले.

"बोला हो. मला ऐकायचंय."

"थोडं खरचटलं असतं, काकू. चार दिवसांत बरं झालं असतं."

सामान काढायला काकूंनी गाडीच्या मागच्या दाराच्या कडीकडे हात नेला, पण एका डोळ्याने अंदाज चुकला आणि तो कडीच्या अलीकडेच पडला. काकांनी दार उघडलं.

मित्रांनो, तुम्ही मागच्या सीटवर बसा, पट्टा लावून. मोठ्यांना सांगा की पुढे बसलात तर पाठ सीटला टेकवा, पाय डॅशबोर्डवर ठेवू नका, माझ्या झाकणावर काही चिकटवू नका, मांडीवर काही धरू नका. वाटेत जे असेल ते मी घेऊनच येते. एकदा सुटले की मला कुणी थांबवू शकत नाही, मी स्वतःसुद्धा नाही.