न लिहिलेली ओळ

"ओळ तूच खोडलीस," थोरली जाऊ म्हणाली. खुर्ची वळवायचेही कष्ट तिने घेतले नाहीत.

"खोडली. तुमच्या मूळ प्रोफाइलमध्ये तेच होतं. एकच गोष्ट दोनदा कशाला?"

सर्व्हरच्या खोलीत या जावा शेजारी बसत, आणि घरी एकाच ओट्यावर भांडत. इथे प्रत्येक सर्व्हर सुरू होताना आपलं प्रोफाइल, म्हणजे सेटिंगची यादी, वाचून आपला आपणच उभा राही. थोरलीचं प्रोफाइल सगळ्यांचं मूळ. धाकटीचं, रुग्णालयाच्या एक्स-रेच्या आठ सर्व्हरचं, त्याच्या पोटचं. गोम एवढीच, की पोटच्याने जे स्वतः सांगितलं नाही, ते मुळाकडून आपोआप येतं. गप्प बसणं हा नकार नव्हे. थोरल्यांचं मान्य, एवढाच त्याचा अर्थ.

रीस्टार्टला डिस्क पुसायची का? धाकटीने खोडलेली ओळ हीच; मूळही तेव्हा म्हणत होतं, नाही. सोमवारी थोरलीने चाचणीच्या सर्व्हरसाठी तिथे 'हो' केलं आणि कुणाकडे अवाक्षर काढलं नाही. आज दुपारी रुग्णालयाचा पहिला सर्व्हर रीस्टार्ट झाला तो कोराच उठला. थोरलीने तत्काळ धाकटीचा बदल करायचा हक्क काढून घेतला. उरलेले सात दर दहा मिनिटांनी एक असे रीस्टार्टच्या रांगेत होते.

"चार मिनिटं राहिली. एक ओळ लिहू द्या मला."

"आधी म्हण, चूक माझी. सगळ्यांसमोर."

"आणि सोमवारी हात कुणाचा फिरला?"

"घरीही तुझं हेच. मीठ मी घातलंय असं धरून चालायचं, आणि भाजी अळणी निघाली की माझ्या नावाने खडे फोडायचे."

"मग न घालता झाकण ठेवता कशाला, जाऊबाई?"

खोलीतले दोघे तंत्रज्ञ पडद्यात डोकं खुपसून कान टवकारून बसले होते.

दोन मिनिटं. त्या डिस्कांवर कुणाची छाती होती, कुणाचं मोडलेलं मनगट. त्या बापड्यांनी या दोघींचं काय घोडं मारलं होतं? धाकटीने ओठ चावला.

"चूक माझी!" ती खोलीभर ऐकू जाईल अशी म्हणाली. "मी तुमच्यावर भरवसा ठेवला."

थोरलीचे कान लाल झाले. तिने हक्क परत दिला. धाकटीने ओळ लिहिली: डिस्क पुसायची का? नाही. दुसरा सर्व्हर रीस्टार्ट झाला. सगळे एक्स-रे जागच्या जागी.

पहिल्या सर्व्हरची राखीव नक्कल मात्र कालची होती. आज सकाळचे एकोणीस रुग्ण पुन्हा बोलवावे लागणार होते.

"यादी आण," थोरली म्हणाली. "दहा फोन तुझे, नऊ माझे. चूक तुझी म्हणालीस ना."

फोन संपवून थोरली बघते तर धाकटी आपले फोन उरकून टाइप करत बसली आहे. मुळातली एकेक सेटिंग ती आपल्या प्रोफाइलमध्ये उतरवत होती.

"अर्ध्याहून जास्त माझ्याच आहेत त्यात."

"असू देत," धाकटी मान वर न करता म्हणाली. "उद्या कुणी विचारलं, तर उत्तर माझं असेल."