रिकामं यंत्र

अग्रलेख छापून व्हायच्या आतच सरकारला कळत होता. कायदेमंडळात संपादक बोलायला उठले की गोरा सचिव त्यांचं उद्याचं वाक्य आजच म्हणून दाखवी आणि सावकाश खाली बसे. असंच चालू राहिलं, तर एखाद्या दिवशी अंक निघण्याआधीच छापखान्याला टाळं लागणार होतं.

संशय आला. दाराशी बसला, ताटाशी बसला, उशाशी येऊन बसला.

लेख छापण्याआधी एकाच माणसाच्या हाती जाई. तो म्हणजे छपाईचे खिळे जुळवणारा मेहुणा, घरादाराचा दादा. वीस वर्षं दोघांनी त्या धडधडत्या यंत्रापाशी काढली होती. संपादक आता त्याच्या खिशाकडे बघू लागले, नव्या चपलांकडे बघू लागले. शेवटी त्यांनी किल्ल्या मागितल्या.

दादाने किल्ल्या ठेवल्या, हात धुतले. शाई काही गेली नाही.

"आधी विचारलं असतंत तर बरं झालं असतं," एवढंच बोलून तो गेला.

पुढचा लेख संपादकांनी घरी, खोलीचं दार लावून लिहिला, घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी सचिवाने त्यातलंच वाक्य म्हटलं, मधल्या थांब्यासकट. संपादकांनी खिसा चाचपला. कागद जागच्या जागी होता.

घरी येऊन त्यांनी बायकोला विचारलं, खोली कोणी उघडली? तिने कपड्यांच्या घड्या घालता घालता ते वाक्य म्हणून दाखवलं. मग त्याच्या पुढचंही.

"तूसुद्धा?"

"अहो, खालचा शिंपीही म्हणेल. लिहिताना प्रत्येक वाक्य तीनदा मोठ्याने म्हणता. यंत्रापायी कान गेलेत तुमचे, तुम्हाला वाटतं पुटपुटताय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, मुद्दाम ऐकवता. पुढारी माणूस."

संपादक खिडकीशी गेले. खाली शिंप्याकडे एक गिऱ्हाईक बसलं होतं. तीन महिने एकाच कोटाचं माप देत होतं.

किल्ल्या घेऊन ते दादाच्या दारी गेले. दादाने सगळं ऐकून घेतलं, कानाशी हात धरून. त्याचेही कान तसलेच. किल्ल्या काही घेतल्या नाहीत.

"खोलीत लिहू नका," तो म्हणाला. "यंत्रापाशी बसा. मी ते रिकामं फिरवतो."

त्या दुपारी यंत्र कागदाविना धडधडत राहिलं. संपादक लिहीत होते, एकेक वाक्य तीनदा म्हणत होते. किल्ल्या दोघांमधल्या खिळ्यांच्या खणावर तशाच पडून होत्या. दादा चाक फिरवत होता, त्यांच्याकडे पाठ करून. त्यांचे ओठही आपल्याला दिसू नयेत म्हणून.