बायनाबाईची झील

“भंगार हाय हे, मामा. न्या घरी,” मी म्हणालो आणि स्क्रू परत आवळायला लागलो.

सेलूत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. समोरच्याचं पुरतं ऐकायच्या आत निकाल द्यायची मला खोड. बायको म्हणते, “तुमी कुकर लावला तर शिट्टीच्या आधी झाकण उघडताल.” पण व्यंकटीमामा काउंटर सोडेनात. बारा वर्षांचा तो सीपीयू त्यांनी एसटीत मांडीवर घेऊन, गोधडीत गुंडाळून आणला होता. मागे त्यांची बायको धुरपदाबाई, तोंडाला पदर लावून उभ्या.

“गाणं भरता येतं का तेवढं बघा,” मामा म्हणाले. “परवा सोमवारी नांदेडला हिच्या गळ्याचं ऑपरेशन हाय. आवाज राहतंय का न्हाई, डॉक्टर बी सांगनात. वैशाखात शिवकन्येचं, आमच्या लेकीचं लगीन हाय. हळदीची गाणी हिच्याच आवाजात पायजेत.”

“मंग मोबाईलवर भरा की.”

“त्याच्यात एकच आवाज भरतोय. ओळ ही म्हणायची अन् बायनाबाई झील धरायची, माघारी तीच ओळ. दोघी जावा. बायनाबाई गेली मागल्या साली. आता दोन्ही हीच म्हणणार. आधी ओळी, मंग त्या ऐकत झील. शिवकन्या म्हणली, कॉम्प्युटरवर जमतंय.”

मी चरकलो. दिलेला निकाल फिरवणं मला जड जातं, पण फिरवला. रॅम वाढवली, आतला सगळा पसारा पुसून टाकला. एक आवाज वाजत असताना दुसरा भरून पाहिला. दुसरा किंचित मागे पडत होता, तेही जमवलं. अडचण एकच उरली. आतला पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरत होता. परभणीहून संध्याकाळच्या गाडीने नवा आला असता. पण संध्याकाळपर्यंत थांबेन तर मी बन्सीधर कसला! मी त्यांचीच गोधडी सीपीयूला घट्ट गुंडाळली. घरघर बंद. स्वतःच्या अकलेवर मी खूष झालो.

धुरपदाबाई गायल्या. दर ओळीला आवंढा गिळत होत्या, दुखत होतं. तरी समोरचा चहावाला हातातली किटली घेऊन दारात येऊन उभा राहिला. प्रत्येक ओळीनंतर त्या झिलीपुरत्या थांबायच्या. ओळी भरून झाल्या, मी सेव्ह केल्या. मग कानाला हेडफोन लावून त्यांनी झील धरली आणि गळाच बदलला. बारीक, थोडा नाकातला. जाऊबाईंचा. मामांनी तोंड रस्त्याकडे फिरवलं.

शेवटच्या गाण्याला पडदा काळा झाला. मी गोधडीखाली हात घातला. सीपीयू तव्यासारखा तापला होता. परत सुरू केला तेव्हा ओळी होत्या, सेव्ह करायची राहिलेली झील गेली होती.

“मामी, आणखी एकदा…”

त्यांनी तोंड उघडलं. नुसती हवा आली.

“चूक माझी हाय, मामा,” मी म्हणालो. “थोडं थांबायला पायजे होतं.” स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

धुरपदाबाईंनी ऐकवा म्हणून खूण केली. मी लावलं. एक ओळ, मग रिकामं. एक ओळ, मग रिकामं. त्या मान डोलावत राहिल्या आणि शेवटी कशाबशा कुजबुजल्या, “राहू द्या मोकळी. तिची जागा हाय.”

वैशाखात हळदीचं बोलावणं आलं. जाऊ नये असं फार वाटत होतं. गेलो. मांडवात स्पीकरवर पहिली ओळ वाजली आणि मागोमाग ती शांतता. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मी खुर्चीत चुळबुळत होतो. दुसऱ्या ओळीनंतरही तेच. उठून पळावं म्हणून मी चपला शोधू लागलो.

तिसऱ्या ओळीला पाटावर बसलेल्या, हळदीने माखलेल्या शिवकन्येनंच झील धरली. आपल्याच हळदीत नवरी गात नसते, पण तिला कुणी अडवलं नाही. धुरपदाबाई तिच्या दंडाला हळद लावत होत्या. त्यांच्या गळ्याभोवती पांढरा रुमाल होता. लेकीबरोबर त्यांचे नुसतेच ओठ हलत होते.