व्यासपीठावरच्या मधमाश्या

पाळकसाहेबांनी त्या आठवड्यात उपदेशावर जीव तोडून मेहनत घेतली होती. विषय होता सृष्टीवरची देवाची सत्ता. वारा, समुद्र, जनावरं, अगदी किडामुंगीसुद्धा त्याच्या हुकुमात कशी, हे त्यांनी बावीस पानांत बसवलं होतं. शनिवारी सकाळीच ती पानं चर्चच्या व्यासपीठावर ठेवून ते स्वतःवर खूश होऊन घरी गेले.

रविवारी येऊन दार उघडतात तो काय, व्यासपीठावर मधमाश्यांचा हा एवढा घोस. खिडकी उघडी राहिली होती आणि आदल्या दुपारी सगळा थवा आत शिरून नेमका बावीस पानांवर बसला होता.

पाठोपाठ मंडळीचे सेक्रेटरी आले. औषध मारून मोकळं होऊ, असं त्यांचं म्हणणं पडलं. पण देवाच्या लेकरांना मारून देवाच्या सत्तेवर कसं बोलायचं? पाळकसाहेबांनी त्यांना थांबवलं, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात प्रभूच्या नावानं माश्यांना निघून जायला सांगितलं. मग हळूच एक डोळा उघडला. माश्या जागच्या जागी होत्या. एक तेवढी उठून त्यांच्या चष्म्यावर येऊन बसली.

शेवटी पाळकीणबाईंनी मागच्या गल्लीतल्या मधवाल्या मावशींना बोलावून आणलं. मावशींचा जन्म मधपेट्यांमध्ये गेला होता, पण चर्चची पायरी काही त्या चढल्या नव्हत्या. त्यांनी जवळ जाऊन शांतपणे पाहिलं आणि सांगितलं, की माश्या जुनं पोळं सोडून, पोटभर मध पिऊन निघाल्यात, त्रास दिला नाही तर चावायच्या नाहीत. काही जणी नवं घर शोधायला बाहेर गेल्यात, जागा पटली की सगळ्या जातील.

“दहाला उपासना आहे, त्याच्या आत जातील?” पाळकसाहेबांनी विचारलं.

“घड्याळ कुठं कळतंय त्यांना.”

“पण तुमचं ऐकत असतील ना?”

“माझं? साहेब, चाळीस वर्षं मीच त्यांचं ऐकत आलेय.”

लोक यायला लागले होते. पाळकीणबाईंनी फर्मान काढलं, की सगळ्यांनी बाकं फिरवून दाराकडे तोंड करून बसायचं आणि साहेबांनी दारात उभं राहून बोलायचं. झालं! तीस वर्षं पहिल्या बाकावर बसणारे सेक्रेटरी एका फटक्यात शेवटच्या बाकावर गेले, माश्यांच्या शेजारी. आणि रात्रभर भट्टीवर राबून दर रविवारी मागच्या बाकावर डुलकी काढणारा बेकरीवाला थेट पाळकसाहेबांच्या नाकासमोर आला. बिचारा काठी गिळल्यासारखा ताठ बसला.

पाळकसाहेबांच्या हातात कागदाचा कपटा नव्हता. त्यांनी घसा खाकरला.

“सृष्टीवर देवाची सत्ता आहे, यावर मी बावीस पानं लिहिलीत. ती सध्या माश्यांच्या ताब्यात आहेत. सकाळी मी त्यांना देवाच्या नावानं हुकूम सोडला. आता कळतंय, सत्ता देवाची आहे हे मला मान्यच होतं, फक्त ती माझ्या सांगण्यावरून चालावी एवढीच माझी अपेक्षा होती.”

लोक हसले. सेक्रेटरीसुद्धा हसले, पण जपून. उपदेश नऊ मिनिटांत आटोपला.

शेवटचं गीत सुरू झालं. सगळ्यांच्या पाठी व्यासपीठाकडे होत्या. तिकडे तोंड होतं ते एकट्या पाळकसाहेबांचं. त्यामुळे तो घोस सैल होताना त्यांनीच पहिल्यांदा पाहिला. आधी एक लाट हलल्यासारखं झालं, मग सोनेरी धुरासारखा सगळा थवा वर उठला, छताखाली एक घेर घेतला आणि खिडकीतून उन्हात निघून गेला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी हाकललं नव्हतं. पाळकसाहेबांचं गाणं तोंडातच राहिलं आणि डोळे भरून आले.

गीत संपल्यावर सगळेच रस्त्यावर धावले. समोरच्या झाडाच्या ढोलीत माश्या एकेक करून शिरत होत्या. मावशी हात कमरेवर ठेवून कौतुकानं बघत होत्या.

“अहो, असे काय बघत उभे राहिलात?” पाळकीणबाईंनी विचारलं.

“काही नाही,” पाळकसाहेब म्हणाले. “जाताना मला कुणी विचारलं नाही, याचं फार बरं वाटतंय.”