मावशीने धुतलेला स्पंज

धाकट्या मावशीला पुढच्या सोमवारी परगावी कामावर हजर व्हायचं होतं. पडदे शिवणाऱ्या कारखान्यात मुकादमीण, आणि वरच्या मजल्यावर राहायला खोली. बहिणीच्या घरात अकरा वर्षं कोपऱ्यातल्या पलंगावर काढल्यावर स्वतःच्या दाराला स्वतः कडी लावायची ही पहिलीच संधी. आडवे आले ते दोन अ‍ॅक्सोलॉटल.

अ‍ॅक्सोलॉटल म्हणजे पाण्यात राहणारा, सरड्याच्या घाटाचा, बेडकाच्या भावकीतला प्राणी. मानेभोवती पिसांसारखे कल्ले आणि तोंडावर कायम असं हसू, की घरातल्या सगळ्या भानगडी याला ठाऊक असाव्यात. भाचीने हौसेने एक पांढरा, एक काळा आणला आणि वर्षभरात शिकायला निघून गेली. जाताना म्हणाली, “मावशी, तूच बघ गं. आईला नाही जमायचं.” या घरात मावशीच्या वाट्याला जे जे आलं, ते असंच कौतुकात गुंडाळून आलं होतं.

मावशीनेही कसर सोडली नाही. हे खडे गिळतात, म्हणून टाकीच्या तळाशी बारीक वाळू. पाणी अठरा अंशांच्या वर जाऊ नये, म्हणून घरातला चांगला पंखा टाकीवर आणि स्वतः घामाघूम. गांडुळं चिमट्याने, एकेकाला मोजून.

निघायचं ठरल्यावर तिने टाकी लखलखीत करून ताईला सोपवायची ठरवली, आणि तिथेच घात झाला. फिल्टरचा स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात नुसता खळबळायचा, असं भाचीने बजावलं होतं. ते अर्धवट धुणं मावशीला दोन वर्षं सलत होतं. तिने स्पंज नळाखाली धरला आणि पांढराशुभ्र होईपर्यंत पिळला.

गुरुवारी पांढऱ्याचे कल्ले त्रासाने पुढे वळले. काळ्याने गांडूळ तोंडात घेऊन थुंकलं. मावशीने माशांच्या दुकानदाराला फोन लावला.

“स्पंज कशात धुतलात?”

“नळाखाली. चांगला चोळून.”

“अहो बाई, त्या चिकट्यातच घाण पचवणारे जिवाणू असतात! राबणारी माणसंच धुऊन काढलीत तुम्ही. आता नवे तयार होईपर्यंत दोघांना टबात ठेवा आणि रोज सगळं पाणी बदला. महिना, दीड महिना धरा.”

“मग थांब की महिनाभर,” ताई म्हणाली. “कारखाना काय पळून चाललाय?”

“नाहीतरी तिथे तुला करमणार नाही,” भावोजी वर्तमानपत्राआडून म्हणाले.

कारखान्याच्या मालकीणबाई मात्र सरळ बोलल्या. “सोमवारी आलात तर खोली तुमची. नाहीतर दुसरी बाई दारात उभीच आहे.”

मावशी त्या रात्री जेवली नाही. ते बघून ताईला कुठेतरी लागलं असावं. रविवारी सकाळी तिने बाह्या सरसावल्या. “चल, दाखव. मी करते.”

आणि केलंही तिने. पाणी फरशीभर सांडलं, क्लोरीन मारायचे थेंब मोजताना दोनदा आकडा चुकला, जाळीतला काळा बघून किंचाळली. पण दोघे नव्या पाण्यात सुखरूप उतरले. “बघ, जमलं!” ताईचा चेहरा असा फुलला होता, की मावशीने बॅग भरायला उठावं.

मावशी टबातल्या थर्मामीटरशी वाकली. “एकोणीस आहे.”

“मग?”

“अठराच्या वर नको.”

“एका अंशाने काय आभाळ कोसळतंय?”

“दे ते पाण्याचं भांडं इकडे.”

ताईने हातातलं भांडं सोडलं. इतक्या झटकन, की मावशीला ते दोन्ही हातांनी झेलावं लागलं. “अहो, ऐकलंत का? हिच्याइतकं नेमकं आपल्याला नाही बाई जमायचं,” ताई आतल्या खोलीकडे बघत म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

मावशीने बर्फाची बाटली टबात अलगद सोडली आणि पारा उतरायची वाट बघत बसली. मालकीणबाईंना फोन करायला हवा होता. सोमवारी जमणार नाही हेच सांगायचं, तेही तिला कळून चुकलं होतं. पण हात ओले होते.

पुसायला फडकं शेजारीच पडलं होतं.