मांजरीचंसुद्धा नाव आहे

गेली पाच वर्षं मी ब्लॉग लिहितो. त्यात दोनशे बारा नोंदी आहेत आणि जवळजवळ प्रत्येक नोंदीत एक बाई बोलते. सिनेमाबद्दल बोलते, महाग झालेल्या वांग्यांबद्दल बोलते, समोरच्यांच्या सुनेबद्दल तर जरा जास्तच बोलते. वाचक तिच्यावर जीव टाकतात. माझ्यावर कोणी टाकत नाही, मी नुसता टंकतो. ब्लॉगचं नावच 'हाज्जा काय म्हणते' असं आहे. ही हाज्जा म्हणजे माझी आई. हज करून आली तेव्हापासून सगळी गल्ली तिला हाज्जा म्हणते. त्याआधी ती उम्म हिल्मी होती, म्हणजे हिल्मीची आई. हिल्मी माझा थोरला भाऊ. मी धाकटा, वगदी, त्यामुळे माझ्या नावाचा तिला कधी काही उपयोग झाला नाही.

तिचं स्वतःचं नाव मी इथे लगेच सांगत नाही. आमच्या नाईलकाठच्या मन्सूरात पुरुषमाणूस आपल्या आईचं नाव चारचौघांत काढत नाही. हिल्मीच्या लग्नपत्रिकेवर तर नवरीचंही नाव नव्हतं, नुसतं 'अमुक साहेबांची कन्या'. आणि मुलांच्या शाळेत आईचं नाव म्हणजे सुरी. ज्याच्या आईचं नाव वर्गाला कळलं, त्याचं वर्षभर काही खरं नसतं. मी अशाच एका शाळेत भूगोल शिकवतो, तेव्हा ही सुरी मी दोन्ही बाजूंनी पाहिली आहे.

आमचा ब्लॉग सुरू झाला तो शुक्रवारच्या सिनेमामुळे. नमाज होते, जेवण होतं, आई मुलुखियाच्या पालेभाजीचं पातेलं झाकून ठेवते आणि टीव्हीवर जुना कृष्णधवल सिनेमा लागतो. सुरुवातीला पडद्यावर नावं येतात, ती आई मोठ्याने वाचते. नटांची तर वाचतेच. कॅमेरावाला, रंगभूषावाला, शिंपी, सगळ्यांची वाचते. तिला पाचवीत असताना शाळेतून काढलं होतं. राहिलेलं शिक्षण तिनं या नावांवर पुरं केलं. माझ्या लहानपणी गल्लीत टीव्ही आमच्याकडेच होता. आजूबाजूच्या बायका मांडीवर कोबीची पानं नाहीतर लसणाची टोपली घेऊन यायच्या, आणि त्यातल्या एकीलाही वाचता येत नव्हतं. आई त्यांना नावं वाचून दाखवायची. मध्ये कोणी बोललं तर दटावायची, "माणसानं काम केलंय ना? मग नाव तरी ऐकून घ्या."

मग तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी कामचुकार. चार नावं वाचायची आणि "वगैरे वगैरे" म्हणून मोकळं व्हायचं. "वगैरेला पगार मिळत नाही वगदी, नीट वाच," ती म्हणायची. पुढे सिनेमाभर ती बोलायची आणि रात्री मी ते ब्लॉगवर उतरवायचो. "हिला तीन सिनेमे झाले क्षय झालाय, पण नखांचा रंग काही उडत नाही." "हा बाप आता दार आपटून जाणार आणि शेवटच्या पाच मिनिटांत रडत परत येणार. तुझे बाबा एकदा दार आपटून गेले, ते तासाभरात कांदे घेऊन परत आले. कांदे निम्मे सडके निघाले." या सडक्या कांद्यांवर मला कुवेतहून, अलेक्झांड्रियाहून, कुठून कुठून पत्रं आली.

या शरद ऋतूत तिच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली आणि तिला लख्ख दिसू लागलं. पहिली गोष्ट तिनं काय केली असेल, तर स्वयंपाकघर पाहून मला शिव्या घातल्या. दुसरी म्हणजे कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढली. "ते माझ्याबद्दल लिहितोस ते दाखव." मी अक्षरं मोठी करून दिली. ती पडद्यावर बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेली. चार दिवस तेच. मधून खुदकन हसायची, मधून "असं म्हणाले नव्हते मी" म्हणायची. मी आपला खूश होतो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तिनं मला समोर बसवलं.

"वगदी, आपल्या मांजरीचं नाव काय रे?"

"बसबोसा."

"ते लिहिलंयस. हिल्मीच्या मालट्रकवर काय रंगवलंय?"

"वाऱ्याची लेक."

"तेही लिहिलंयस. रंगभूषावाल्यांची लिहिलीस. आपल्या भाजीवाल्याचं लिहिलंस, त्याच्या गाढवाचं लिहिलंस. मग माझं कुठाय?"

"असं काय करतेस आई? ब्लॉगच तुझ्या नावाचा आहे."

"हाज्जा? मन्सूरातल्या अर्ध्या म्हाताऱ्या हाज्जा आहेत. बोलते मी आणि वाहवा होते हाज्जाची. कोण बाई ही? मला तर भेटली नाही कधी."

मी हसण्यावारी न्यायला गेलो. ती हसली नाही.

"लोक काय म्हणतील, आई?" मी म्हटलं.

"लोक काय म्हणतात ते मी ऐकलंय. तू दहा वर्षांचा होतास. मी वर बाल्कनीत कपडे वाळत घालत होते."

कुठल्या दिवसाबद्दल बोलते आहे ते मी ओळखलं. तो दिवस मी कोणालाही सांगितलेला नाही, ब्लॉगवरही नाही. शाळेत दाखवायला नेलेला जन्माचा दाखला मी वहीत विसरलो होतो आणि तो पोरांच्या हाती लागला होता. संध्याकाळी सहासात जण आमच्या बाल्कनीखाली आले आणि डबा वाजवत आईच्या नावाचा ठेका धरला. मी धावत खाली गेलो. शपथ घेऊन सांगितलं, "ते माझ्या आईचं नाव नाहीच. आमच्याकडे धुणं धुवायला एक बाई येते, तिचं आहे." पोरांचा विरस झाला, ती निघून गेली. मी जिंकल्यासारखा वर आलो. आईनं मला वाटीभर भातखीर दिली होती, हेही मला आठवतं.

"तू मला धुणंवाली केलंस," आई म्हणाली. "तसं धुणं मीच धूत होते म्हणा." एवढं बोलून ती खरोखरच हसली. मला हसता येईना. एकतीस वर्षं या बाईनं ताकास तूर लागू दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी वरच्या मजल्यावर हिल्मीकडे गेलो. घरातला मोठा तो, त्याला विचारायला हवं होतं. तो चहा पीत होता, त्यानं पेलाच खाली ठेवला.

"अक्कल गहाण टाकलीस का? कहवाखान्यात उद्या लोक हुक्का ओढत आपल्या आईचं नाव घेतील."

"तिनंच मागितलंय, दादा."

"तिचं वय झालंय. तुझं काय झालंय? बाबा जन्मभर 'आमची मंडळी' म्हणाले, कधी नाव नाही काढलं तोंडातून. झाकली मूठ सव्वा लाखाची असते. आणि तू तर मास्तर. कार्टी फाडून खातील तुला."

"खातील," मी म्हटलं.

"तेच सांगतोय. लिहिलंस तर माझी पायरी चढू नकोस."

खरं सांगायचं तर मला त्याच्या पायरीची भीती नव्हती. भीती होती ती नववी 'ब'मधल्या त्रेचाळीस पोरांची. त्यांतली निम्मी तरी माझा ब्लॉग चोरून वाचतात, मला ठाऊक आहे. एक्केचाळीस वर्षांचा बाप्या, आणि पोरांना भिऊन मी दोन आठवडे ढकलले. आज तपासायच्या वह्या आहेत, उद्या डोकं दुखतंय. आईनं पुन्हा विषय काढला नाही. फक्त पुढच्या शुक्रवारी सिनेमा लागला, पडद्यावर नावं आली आणि तिनं ती मनातल्या मनात वाचली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तसंच झालं. सिनेमाभर तिनं एक शेरा मारला नाही. मध्यंतरात मीच म्हटलं, "हिचं एवढंसं तोंड बघ, कशी रडते." आई म्हणाली, "बरी रडते." आणि उठून भांडी घासायला गेली.

मला ते सहन झालं नाही. ब्लॉगचं काय व्हायचं ते होवो, पण घरातला तो आवाज गेला तर माझ्याकडे उरतं काय? सिनेमा संपायच्या आत मी कॉम्प्युटरसमोर बसलो.

दोनशे तेरावी नोंद मी सिनेमाच्या सुरुवातीसारखी लिहिली. संवाद: इथे तिचं नाव, वडिलांच्या नावासकट. स्वयंपाक: तीच. वेशभूषा, धुणं आणि इस्त्री: तीच. गल्लीतल्या बायकांसाठी वाचन: तीच. सहायक, बिनकामाचा: वगदी. खाली त्या संध्याकाळची हकिकत लिहिली, डब्याच्या ठेक्यासकट आणि माझ्या खोट्या शपथेसकट. आणि बटण दाबलं. आईला सांगितलं नाही. तिनं स्वतः वाचलं की नाही तेही कळलं नाही, शनिवारी ती दिवसभर लोणची घालत होती.

शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपवून रविवारी वर्गात शिरलो तर त्रेचाळीस पोरं गोगलगाईसारखी गप्प. तेव्हाच ओळखलं. फळ्यावर, मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत माझ्या आईचं नाव लिहिलेलं होतं. मागच्या बाकावर कोणीतरी हसू दाबत होता. डस्टर हातात घेतलं, आणि खोटं कशाला बोलू, पहिली इच्छा पुसायचीच झाली. दहा वर्षांचा तो पोरगा माझ्या आत चांगला ठणठणीत होता.

मग मी डस्टर ठेवलं आणि त्या नावाच्या खाली, उरलेल्या जागेत, नाईलचे दोन फाटे काढले. रशीदचा फाटा, दमिएताचा फाटा, काठावर मन्सूरा. शिकवायला लागलो. जागा कमी पडली की नकाशा पुसायचो, नाव ठेवायचो. पहिली दहा मिनिटं खुसखुस चालली, मग विझली. तास संपताना मी म्हटलं, "अक्षर चांगलं आहे. ज्याचं असेल त्यानं नकाशाची वहीही अशाच अक्षरात लिहावी." कोणी हसलं नाही. नाव फळ्यावर तसंच ठेवून मी बाहेर पडलो.

येताना गरम भाकरी घेतल्या. आमच्या गल्लीची रीत अशी, की खालून हाक मारायची आणि वरच्या बाईनं दोरीला बांधलेली टोपली सोडायची; जिने चढायचे कष्ट वाचतात. रोज मी "आईऽ" अशी हाक मारतो. आजही तोंड उघडलं, आणि ध्यानात आलं की मी ज्या जागी उभा होतो, ती तीच जागा होती. तिथेच मी शपथ घेतली होती. तिचं नाव मी परवा लिहिलं होतं खरं, पण आजवर एकदाही ते माझ्या जिभेवर आलेलं नव्हतं.

समोर न्हाव्याच्या दुकानात दोघे बसले होते. भाजीवाला गाढवाला पाणी पाजत होता. वर, आमच्या बाल्कनीच्या वरच्या बाल्कनीत, हिल्मी बनियनवर उभा होता.

"हाज्जा इन्शिराह!" मी हाक मारली. आवाज चिरकला. "हाज्जा इन्शिराह अब्दुल-मकसूद! टोपली सोड!"

न्हाव्याची कात्री थांबली. हिल्मी आत गेला आणि त्यानं बाल्कनीचं दार धाडकन लावून घेतलं. आई बाल्कनीत आली, ओढणीनं हात पुसले आणि कठड्यावरून खाली वाकून माझ्याकडे पाहत राहिली. टोपली तिच्या हातातच होती.

"काय म्हणालास?" ती वरून म्हणाली. "नीट ऐकू नाही आलं."

ऑपरेशन तिच्या डोळ्यांचं झालंय. कान पहिल्यापासून तिखट आहेत. मी पुन्हा हाक मारली.