मधुकररावांच्या गाडीचं एबीएस

सानगडीत कापडाचं दुकान चालवणारे मधुकरराव दहा महिन्यांनी टेकचंदच्या गॅरेजवर आले. गाडीचा समोरचा पत्रा नवा होता, काचही नवी. एबीएसचा पिवळा दिवा मात्र अजून जळतच होता.

"हे बसवून दे." त्यांनी एक खोकं पुढे केलं. आत नवं एबीएस युनिट होतं.

टेकचंदला त्यांच्याकडे बघवेना. गेल्या पावसाळ्यात धानाच्या रोवणीच्या दिवसांत हाच दिवा लागला म्हणून ते आले होते. ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं युनिट गेलं होतं, नवं यायला पंधरा दिवस लागणार होते. "साधे ब्रेक लागून राहिले ना काका, चालवा बिनधास्त," असं टेकचंदच बोलला होता. आठव्या दिवशी मधुकरराव बायकोला, विमलाबाईंना, घेऊन जवाहरनगरच्या क्वार्टरात राहणाऱ्या मुलीकडे, अंजूकडे, निघाले. ट्रॅक्टरांनी शेतातल्या बांधीतला चिखल डांबरावर आणलेला. म्हैस आडवी आली. ब्रेक दाबताच चाकं जाम झाली आणि स्टेअरिंग फिरवूनही गाडी वळलीच नाही. विमलाबाईंच्या बाजूनं ती मोहाच्या झाडावर गेली; त्या वाचल्या नाहीत.

"आता कायले, काका?"

"गाडी इकून टाकतो. घेणाऱ्याच्या बाजूले बी कोणी बसन ना."

टेकचंदनं बॅटरीची तार काढली. जुन्या युनिटच्या सहा नळ्या खडूच्या खुणा करून सोडवल्या, नवं युनिट बसवलं, ब्रेक ऑइल भरलं. नळ्यांतली हवा काढायला ब्रेकवर माणूस लागतो. मधुकरराव स्वतःच सीटवर जाऊन बसले.

"दाबा. धरून ठेवा. सोडा."

चारही चाकं होईपर्यंत ते दाबत-सोडत राहिले. मग टेकचंदनं स्कॅनर लावून युनिटची गाडीशी ओळख करून दिली. दिवा विझला.

"ट्रायल मीच घेतो," मधुकरराव म्हणाले.

गावाबाहेर रस्त्याचं काम चालू होतं, बारीक गिट्टी पसरली होती. तिथं त्यांनी करकचून ब्रेक मारला आणि स्टेअरिंग फिरवलं. पायाखाली पॅडल थडथडलं. गाडी वळली आणि थांबली. त्यांनी मागे घेऊन पुन्हा तेच केलं. मग तिसऱ्यांदा. टेकचंद बाजूच्या सीटवर दांडी धरून बसला होता.

"त्या दिवशी वळली असती का रे?"

चिखलाचं काही सांगता येत नाही, असं टेकचंदला म्हणता आलं असतं.

"वळली असती, काका. माही चुकी झाली. गाडी उभी ठेवा म्हणाले पायजे होतं मी."

तो शिवीची वाट बघत राहिला. मधुकररावांनी इंजिन बंद केलं.

"तुही चुकी घेऊन मी काय करू? दिवा तं मले बी दिसत होता." मग ते म्हणाले, "अंजू बोलत नाही माह्याशी. आईच्या तेरवीपासून एक शब्द नाही."

रविवारी टेकचंद एसटीनं जवाहरनगरला गेला. अंजूनं दार उघडलं, पण आत ये म्हटलं नाही. त्यानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं: दिवा, युनिट, आपण काय बोललो ते. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"आई फोनवर म्हणे, आम्ही बसनं येतो. गाडीचं तिले भेव वाटत होतं," अंजू म्हणाली. "बाबानं ऐकलं नाही तिचं. तुम्ही सांगितलं म्हणून नाही, भाऊ. ते तिचं कधीच ऐकत नव्हते."

तिनं दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी टेकचंद दुकानासमोरून जाताना मधुकररावांनी हाक मारली. कोणीतरी त्याला जवाहरनगरच्या एसटीत बसताना पाहिलं होतं.

"भेटली का?"

"भेटली."

"काय म्हणे?"

टेकचंदनं नजर कापडाच्या ताग्यांकडे वळवली. मधुकररावांनी गिऱ्हाइकासाठी काढलेलं कापड पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं.